पापणीवरचा थेंब

थेंब पापणीवर पडला आणि लेकराचे दोन्ही हात एकदम हवेत उघडले. झाडावरून पडताना फांदी धरू बघावं तसे. मग ते सावकाश छातीशी आले, ओठ मुडपले, पण रडू काही फुटलं नाही. दैवशाला उंबऱ्यात उभी होती. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला, कमरेत कढत पाण्याची ऊब. बंबातलं पाणी आज लवकर संपलं म्हणून ती न्हाणीतून लवकर बाहेर आली, एवढंच. एरवी तिला हे दिसलंच नसतं. आत्याबाई, तिच्या वडिलांची बहीण, लेकरावर वाकल्या होत्या. डाव्या हातात पितळेची वाटी, उजव्या हातात तुळशीची डहाळी. मागच्या दाराची कडी आत्ताच वाजली होती. कमलबाई लेकराला चोळून-माखून, न्हाऊ घालून, धुरी देऊन गेली होती, आणि तिच्या पायांचे ओले ठसे अजून शहाबादी फरशीवर होते. आत्याबाईंनी त्या ठशांवरही दोन थेंब टाकले. वाटीतला वास दैवशालाला ओळखावा लागला नाही. गोमूत्राचा वास.

"आत्याबाई, हे काय करायलात?"

"काही न्हाई गं. रोजचंच हाय."

दैवशालानं लेकराला उचललं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळा पुसला, आतून बाहेर, मग दुसरा कापूस, मग तिसरा. हात सरावाने चालत होते आणि डोक्यात एक थंडगार दिवा लागला होता. सूक्ष्मदर्शकाखालच्या काळ्या पार्श्वभूमीवर चांदीच्या तारेसारखे वळवळणारे, टोकाशी आकड्यासारखे वाकलेले ते जीव. मागची तीन वर्षं तिनं त्यांच्यामागे घालवली होती. आसामकडच्या छावण्यांतले जवान भातखाचरं तुडवून यायचे, आठवड्यात डोळे पिवळे व्हायचे, लघवी चहासारखी. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून हे जंतू पाण्यात उतरतात, पायाच्या भेगेतून माणसात शिरतात, नाहीतर डोळ्याच्या ओल्या पडद्यातून. डोळ्याच्या ओल्या पडद्यातून, असं तिनंच एका परिषदेत फळ्यावर खडूनं काढून दाखवलं होतं, समोर ब्रिगेडियर बसलेले असताना. आणि परभणीत, जिंतूर रोडच्या आतल्या गल्लीत, तिच्या स्वतःच्या लेकराच्या पापणीवर रोज सकाळी तेच. गाय घरची, निरोगी, काही होणार नाही, हेही तिला कळत होतं. तरी कापूस टाकून ती चौथा घ्यायला लागली.

"किती पुसशील? डोळा जाईल तिचा," आत्याबाई म्हणाल्या. वाटी कोनाड्यात ठेवून त्या शांतपणे हात धूत होत्या. दैवशालाच्याच साबणानं. "तूच की पहिल्या दिवसापासून सांगायलीस. हात धुवा, भाईरचं काही लेकराला लागू देऊ नका. मंग आमी काय येगळं करायलोत? तुझा साबण, आमचं ह्ये. काम एकच."

काम एकच. त्या सहज बोलल्या, टोमणाही नव्हता त्यात. कौतुकच होतं. वर त्या म्हणाल्या, "उलट मला बरं वाटलं. एवढी शिकली, लष्करात गेली, पर शिवाशीव इसरली न्हाई." आणि त्या सैपाकघरात गेल्या. दैवशाला लेकराला छातीशी धरून बाजेवर बसली. पोरगी लगेच तोंड शोधायला लागली, भिंतीवर चाचपडणाऱ्या आंधळ्या बोटासारखं ते इवलं तोंड. दूध उतरलं. दूध उतरताना नेहमी जी गुंगी येते ती आली नाही. काम एकच. दहा वर्षं आपण हेच केलं का? पांढरा कोट, हातमोजे, दाराशी औषधाच्या पाण्याचं भांडं, आत येताना पाय बुडवा, बाहेर जाताना पाय बुडवा. याला शिवू नका, त्याला शिवू नका. ह्याचं ताट वेगळं, ह्याचे कपडे वेगळे उकळा. आत्याबाईंना हे सगळं ओळखीचं वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

बाळंतपणानंतरचे पहिले दहा दिवस तिला आठवले. दहा दिवस ती स्वतः विटाळात होती. आत्याबाई ताट उंबऱ्याशी ठेवून मागे सरत. माय दारातूनच विचारायची, दूध येतंय का गं, टाके दुखतात का. अण्णा तर अंगणात उभे राहून खाकरायचे, म्हणजे ते चौकशी करून गेले. दवाखान्यातून आलेली लष्कराची कॅप्टन, सूक्ष्मजंतूशास्त्राची एम.डी., कोपऱ्यातल्या खोलीत कुणाला शिवायची नव्हती. आणि त्या दहा दिवसांत तिला शिवणारी एकच बाई होती. पाठ चोळणारी, पोट बांधणारी, छातीत दुधाच्या गाठी झाल्या तेव्हा गरम विटेनं शेकून, बोटांनी हळूहळू वाट करून देणारी. लेकराची टाळू भरणारी. कमलबाईला विटाळ चालत होता, कारण ती आधीपासूनच त्या रेषेच्या पलीकडे होती. दहाव्या दिवशी दैवशालानं डोक्यावरून पाणी घेतलं, नवं लुगडं नेसली आणि परत आली. घरानं तिला परत घेतलं. मायनं गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. कमलबाई त्याच मागच्या दारानं गेली. तिला डोक्यावरून पाणी घेण्याचा दिवसच नव्हता.

बोलायला कमलबाई भारी. पहिल्याच दिवशी तेल कोमट करता करता तिनं विचारलं होतं, "ताई, लष्करात हाव म्हनं तुमी. बंदूक चालवली का कवा?"

"शिकवतात. चालवली एक-दोनदा."

"मंग लढता कुनाशी?"

"जंतूंशी."

"ते मरतेत का गोळीनं?"

"न्हाई. उकळून मरतेत."

"आग्गं माय!" कमलबाई हसली, हसताना तिचं सगळं अंग हललं आणि पाठीवरचे हातही. "मंग आमीबी लष्करातच की. जलमभर उकळायलोत. आमाला पिन्शन न्हाई, एवढंच."

त्या हसण्यात दैवशालाही हसली होती, टाके दुखेपर्यंत. आता तिला वाटलं, विटाळ फिटल्यापासून रोजच कमलबाई गेल्यावर डहाळी बुडाली असेल. आपण न्हाणीत गाणं म्हणत होतो.

पोरगी पिता पिता झोपली. ओठांच्या कोपऱ्यात दूध, मूठ तिच्या गळ्यातल्या पोतीत अडकलेली. दैवशालानं ती मूठ उघडली आणि बोटं मोजावीत तशी एकेक बघितली. नखं कागदासारखी. बोटांची टोकं. आणि एकदम तिला ती प्लेट दिसली.

औरंगाबादला, वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षी. साल अठ्ठ्याहत्तर, पावसाळा. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला एकेक काचेची प्लेट दिली होती, आत जंतू वाढवायला रक्त घातलेल्या अगारचा लाल, थरथरता थर. म्हणाल्या, बोटं टेकवा. पाची बोटं, धुऊ नका. उद्या बघू, तुम्ही रोज कुणाकुणाला बरोबर घेऊन फिरता. सगळे हसत बोटं टेकवत होते. तिच्या बाकावर मुंजाजी होता, गंगाखेडकडचा, दलित वस्तीतला पहिला डॉक्टर होणारा. उंच, तिरसट, सगळ्या वर्गात अक्षर सर्वांत चांगलं. तो बोटं टेकवून मोठ्यानं म्हणाला, "बाई, माझी वेगळ्या कपाटात ठेवा. नाहीतर ह्यांच्या बाटतील." निम्मे हसले. निम्म्यांनी आपापल्या प्लेटकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "उद्या ओळखून दाखवा कुणाची कोणती. ज्याला जमेल त्याला मी चहा पाजेन." दुसऱ्या दिवशी वर्ग भरलाच नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला होता आणि सगळ्या मराठवाड्यात पेटलं होतं, वस्त्या जळत होत्या. एस.टी. बंद, वसतिगृह रिकामं होत चाललेलं, मुलं रेडिओभोवती. मुंजाजी पहाटेच गेला, कुणाच्यातरी ट्रकमधून, घरी काय झालंय बघायला. दैवशालाला न्यायला कुणी येऊ शकत नव्हतं, म्हणून ती राहिली. पाच-सहा दिवसांनी ती एकटीच प्रयोगशाळेत गेली. उबेच्या कपाटाचं दार उघडल्यावर तो गोडसर, मातीसारखा वास. सगळ्या प्लेटा एकावर एक. तिनं एकेक काढून उजेडात धरली. पांढरे, पिवळसर, सोनेरी ठिपके, बोटांच्या टोकांच्या आकाराचे. देशमुखाची, तिची स्वतःची, पुण्याहून आलेल्या त्या गोऱ्या मुलीची, मुंजाजीची. मागची चिठ्ठी झाकली तर कुणाची कोणती ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चहा कुणालाच मिळाला नसता. मुंजाजीची पाच बोटं तिथं होती, वाढलेली, जिवंत, फुललेली, आणि मुंजाजी नव्हता. तो परत आला नाही. पुढच्या सत्रात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्या गावाचं काय झालं ते कुणी नीट सांगेना. एक जण म्हणाला शेतावर राबतोय, दुसरा म्हणाला मुंबईला गेला. नियमाप्रमाणे जुन्या प्लेटा वाफेच्या डब्यात घालून निर्जीव करायच्या असतात. तिनं त्या घातल्या. अर्ध्या तासानं झाकण उघडलं तेव्हा सगळ्यांचीच बोटं वितळून एकच तपकिरी पाणी झालं होतं. आणि त्याच दिवशी तिनं ठरवलं की आपण हेच शिकायचं. बायका प्रसूतिशास्त्र घेतात, अण्णा म्हणाले होते, परभणीत दवाखाना टाकून देतो. ती म्हणाली, मला जिवंत माणसांपेक्षा जंतू बरे वाटतात. अण्णांना तो विनोद वाटला.

लष्कर त्यातूनच आलं. तिथं आडनाव सगळ्यात शेवटी विचारतात, असं कुणीतरी म्हणालं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण थोडं होतं. निवड मंडळापुढे एका कर्नलनं विचारलं, लग्न झाल्यावर काय कराल? ती म्हणाली, साहेब, हाच प्रश्न आत्ता बाहेर गेलेल्या डॉक्टरला विचारलात का? टेबलाच्या टोकाचा एक म्हातारा डॉक्टर हसला. तिला घेतलं. आणि आता सगळी साठवलेली रजा जोडून लेकरू चार महिन्यांचं होईपर्यंत ती घरी होती. पुढं पुन्हा आसाम, पुन्हा तेच अर्धवट राहिलेलं काम, जवान कुठल्या पाण्यातून आजारी पडतात ते छावणीगणिक शोधायचं. तिथं लेकरू नेता येत नाही. निघताना साहेबांनी साफ सांगितलं होतं, सोय करून ये, नाहीतर काम दुसऱ्याला देतो, तुला पुण्यात पाणी तपासायला बसवतो. नवरा लेहला, फोन लागला तर त्याच्यापेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त. सोय म्हणजे हे घर. मायचे गुडघे गेलेले, म्हणजे सोय म्हणजे आत्याबाई. चौदाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आलेल्या, दैवशालाला ह्याच बाजेवर अंगाई म्हणून वाढवलेल्या. त्यांचे हात मऊ होते. गोवर आली होती तेव्हा रात्र-रात्र तिच्या कपाळावर होते ते हात. ह्याच हातांत डहाळी. राग करायला सोपं माणूस असतं तर किती बरं झालं असतं.

दुपारी पोरगी जागी झाली, आढ्याकडे बघून पाय मारू लागली. आणि तिला निजवता निजवता दैवशालाला सिताराम आठवला. छावणीच्या लंगरमधला, जवानांच्या सैपाकघरातला शिपाई, आपल्याकडचाच, मानवतचा. रोट्या अशा करायचा की अधिकारी आपलं भोजनगृह सोडून लंगरकडे रेंगाळत. एका उन्हाळ्यात टायफॉइडचे जवान येऊ लागले, एकाच तुकडीतले. ती पाण्यामागे लागली, दुधामागे लागली, शेवटी लंगरपर्यंत आली. सिताराम ठणठणीत होता. कधी ताप नाही, काही नाही. पण त्याच्या पोटात टायफॉइडचे जंतू घर करून बसले होते आणि त्याच्या बोटांवाटे पिठात उतरत होते. तिनं त्याला लंगरमधून काढलं, औषध सुरू केलं, वेगळ्या बराकीत ठेवलं. चार दिवसांनी तो तिच्यापुढं सावधान उभा राहिला. म्हणाला, "म्याडम, एक इचारू? लोक माझ्या खाटेजवळून जाताना धोतर आवरल्यावानी चालायलेत. प्याला मी ठेवला की पोरं तो फेकून द्यायलेत. मी बाटलो का?" ती म्हणाली, न्हाई, तुम्ही आजारीसुद्धा नाही. तो म्हणाला, "मंग ह्याला काय म्हणायचं?" तिच्याकडे शब्द नव्हता, तारीख होती. औषध संपलं की तपासणी, मग पुन्हा, मग पुन्हा. तिन्ही साफ निघाल्या त्या दिवशी तिनं स्वतः त्याला लंगरमध्ये नेलं. सगळे रांगेत उभे असताना त्यानं पीठ मळलं. पहिली रोटी तिनं घेतली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली, मीठ-मिरची न मागता. बाकीच्यांनी जरा वेळ घेतला, मग ताटं पुढं केली.

दैवशाला उठून बसली. लेकराला थोपटणारा हात तसाच थांबला. मग काम एक कसं? तिच्या साबणामागं, उकळण्यामागं, वेगळ्या ताटामागं एक तपासणी होती, आणि तपासणीत माणूस सुटत होता. सिताराम लंगरमध्ये परत आला. विटाळातली दैवशाला दहाव्या दिवशी परत आली. कमलबाईनं काय तपासून आणावं म्हणजे डहाळी कोनाड्यात राहील? रक्त? नखं? पाच बोटं उबेच्या कपाटात ठेवून दाखवायची? ती आधीच ठेवून झाली होती, अठ्ठ्याहत्तर सालीच, चिठ्ठी झाकून. आत्याबाईंच्या वाटीला तपासणीच नव्हती. त्या वाटीत माणूस आत जायचा, बाहेर यायची वाट नव्हती. तिला इतकं हलकं वाटलं की ती मोठ्यानं हसली, आणि पोरगी दचकून तिच्याकडे बघायला लागली, काळ्याभोर, पुरत्या न स्थिरावलेल्या डोळ्यांनी. "चुकलं गं, माझ्या पाखरा," दैवशाला तिच्या गालाला नाक लावून म्हणाली. "तुझी आत्याआजी चुकली. तुझी माय बी अर्धा दिवस चुकली."

दुसऱ्या दिवशी कमलबाई आली तेव्हा दैवशाला न्हाणीत गेलीच नाही. तिथंच पाटावर बसली.

"कमलबाई, तुम्ही गेल्यावर मागं काय होतं, माहीत हाय तुम्हाला?"

कमलबाईचे हात लेकराच्या मांडीवर होते. ते थांबले नाहीत. "माहीत हाय की. मागच्या दाराला फट हाय. चप्पल घालस्तोवर दिसतंय."

"मग बोलला का न्हाई?"

"कुनाला? तुमाला? तुमी न्हाणीत गाणी म्हनायल्या." तिनं लेकराला पालथं घातलं, पाठीवरून तेलाचा हात फिरवला. "त्या म्हातारीला बोलून काय करू? भिंतीवर लिवलंय, नामांतर झालंच पायजे. भिंतीनं ऐकलं का?"

दैवशाला म्हणाली, "सव्वा महिन्याला बारसं हाय. तुम्ही पाळण्यापाशी उभं राहायचं. लेकरू पाळण्याखालून द्यायला-घ्यायला."

आता मात्र हात थांबले. बारशाला बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत लेकरू पाळण्याखालून एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातं. घरच्या सवाष्णी, मावश्या, आत्या, बोरी गावच्या भावकीतल्या बायका. चोळणाऱ्या बाईनं त्या दिवशी मागच्या अंगणात बसायचं, लुगडं-चोळी घ्यायची, घुगऱ्या पदरात घ्यायच्या.

"डाक्टरीणबाई," कमलबाई म्हणाली. ताई म्हणाली नाही. "तुमी जाताल आसामात. मी हितंच हाय. उद्या ह्या गल्लीत मला काम मिळंल का?"

दैवशालानं विचार केला. "न्हाई मिळणार बहुतेक."

"खरं बोलल्या. बरं वाटलं." ती पुन्हा चोळायला लागली. मग म्हणाली, "काम काय, वस्तीत बी बाया बाळंत होतेत. मी येईन. पर मागल्या दारानं न्हाई येनार. आन् लुगडं घेनार न्हाई. लुगडं घेतलं की कमल कामाला आली हुती, आसं हुतंय. मला बारशाला यायचंय."

अण्णांना तिनं स्वतः सांगितलं. ते व्यंकटराव मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक, अर्ध्या परभणीचे गुरुजी. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलटी घातली, पुन्हा केली. "तुझं म्हणणं बरोबर हाय, दैवशाला. मी वर्गात हेच शिकवलं. पण वेळ बघ. पुन्हा मोर्चे निघायलेत, बोरीची मंडळी तापलेली हाय. बारशाला कशाला? पुढं बघू."

"अण्णा, मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाबी तुमी म्हणालात, वेळ बघ. त्या पोराची बोटं मी माझ्या हातानं वितळवली तवा. आता माझी पोरगी हाय. तिनं कोणत्या वर्षाला विचारायचं?"

त्यांना पोराचं, बोटांचं काही कळलं नाही. ते चष्मा पुसत राहिले. दारामागून आत्याबाई आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "ऐक, दैवशे. तुला मी न्हाऊ घातलंय. तुझ्या लेकराला बी वाढवीन, जीव लावीन. पर तिनं पाळण्यापाशी हात लावला, तर मी ह्या लेकराला हात लावनार न्हाई. सांगून ठिवते. मंग जायचं तर जा तुझ्या जंतूकडं, लेकरू पाठीला बांधून."

त्या दिवसापासून बारशापर्यंत दैवशाला रोज हिशेब मांडायची आणि मोडायची. पोरगीला पाजताना, दुपटी उकळताना, पाय पसरून पायावर न्हाऊ घालताना. आसामातला प्रयोगशाळेचा तो लांबट पत्र्याचा खोका, सूक्ष्मदर्शकाखालचा काळा गोल, त्यातली ती चांदीची वळवळ, अर्धी शोधलेली नदी, जिच्या कुठल्या वळणावर जवानांना आजार होतो ते फक्त तिलाच कळत आलं होतं. पुण्यात बसून बाटल्या हुंगायच्या आणि शिक्का मारायचा. ह्या घरानं तिला हे शिकवलं होतं की मागायचं नाही, आवरून घ्यायचं. आवरून घ्यायला किती थोडं लागत होतं. कमलबाईला म्हणायचं, जाऊ द्या. कमलबाई हसून म्हणाली असती, मला ठावंच हुतं. आणि पोरगी त्याच मऊ हातांत वाढली असती, त्याच अंगाईवर, रोज सकाळी दोन थेंबांसह, आणि एक दिवस तिनं स्वतः तुळशीची डहाळी उचलली असती, खेळ म्हणून. ह्या शेवटच्या चित्राशी आलं की दैवशालाचं सगळं मन उभं राहायचं. न्हाई. माझं काम गेलं तरी न्हाई. आणि लगेच दुसरा आवाज, तितकाच हट्टी. काम तरी का जाऊ देऊ?

बारशाच्या दिवशी पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, खाली रांगोळी, घरभर शिजलेल्या हरभऱ्यांचा वास. बोरीच्या बायका, गल्लीतल्या बायका, मायच्या मैत्रिणी. कमलबाई पुढच्या दारानं आली. पांढरं पातळ, केस चोपून बसवलेले, हातात लेकरासाठी स्वतः शिवलेलं टोपडं. दारातल्या चपलांच्या ढिगाजवळ तिनं आपल्या चपला काढल्या, बाजूला नाही, ढिगातच. बायकांचं बोलणं खालच्या पट्टीत गेलं. दैवशालानं तिचा हात धरून तिला पाळण्याच्या डाव्या बाजूला उभं केलं आणि पोरगी तिच्या हातात दिली. उजव्या बाजूला आत्याबाई उभ्या होत्या. तो त्यांचा मान होता.

"कुणी गोविंद घ्या," एक मावशी सवयीनं म्हणाली आणि गप्प झाली.

कमलबाई वाकली. पोरगीला दोन्ही तळहातांवर घेऊन तिनं पाळण्याखालून पलीकडे धरली. पलीकडे हात नव्हते. आत्याबाईंनी ते पदराखाली घेतले होते. त्या मागे सरल्या, भिंतीला टेकल्या. त्यांच्या शेजारच्या, बोरीच्या भावकीतल्या बाईनं चटकन जमिनीकडे बघितलं. तिच्या शेजारचीनं पण. पाळण्याखाली, झेंडूच्या सावलीत, पोरगी हवेत होती. तिचे डोळे उघडे. हात तसेच, एखादी फांदी धरू बघणारे. कमलबाईच्या दंडांचे स्नायू हळूहळू ताठ होत होते, पण तिनं हात मागे घेतले नाहीत. ती कुणाच्या तोंडाकडेही बघत नव्हती. फक्त लेकराकडे. माय घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात थबकली होती, एक हात गुडघ्यावर. अण्णा बाहेर ओट्यावर पुरुषांत होते, त्यांच्या हसण्याचा तुकडा आत आला आणि विझला.

बाळंतीण पाळण्याशी नसते. ती बाजूला पाटावर बसून असते, ओटी भरलेली, डोक्यावर पदर. दैवशाला उठली. ओटीतले गहू फरशीवर सांडले. तिनं ते ओलांडले, पाळण्याच्या उजव्या बाजूला आली आणि चक्क खाली गुडघ्यांवर बसली, नव्या शालूसकट. पाळण्याखालून हात लांबवले आणि पोरगी घेतली. पोरगीचं अंग गरम होतं, टोपड्याला तेलाचा वास. तिनं तिला पाळण्यावरून परत कमलबाईकडे दिलं. कमलबाईनं घेतलं.

"म्हणा की काहीतरी," दैवशाला म्हणाली.

"तुमचं मला येत न्हाई," कमलबाई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. मग तिनं घसा साफ केला. "कुनी रमा घ्या. कुनी यशोदा घ्या." आणि लेकरू पुन्हा पाळण्याखालून आलं.

खोलीत कुणी हललं नाही. फक्त त्या दोघींचे हात आणि मध्ये जाणारं-येणारं ते इवलं ओझं. पोरगीला मजा वाटत असावी, तिनं एक बारीक हुंकार दिला. मायनं ताट खाली ठेवलं. कशाला ठेवलं, हात मोकळे करायला की डोळे पुसायला, ते कळलं नाही. तिनं पदरानं डोळे पुसले आणि तिथंच राहिली.

भिंतीपाशी आत्याबाईंचा आवाज आला. त्यात राग नव्हता, भीती होती. "आगं, मंग तू गेल्यावर हिला कोन सांभाळनार?"

"मी," दैवशाला म्हणाली.

"आन् नोकरी?"

"तीबी मीच. कसं ते बघीन."

कमलबाईनं पलीकडून हात पुढं केले, आणि दैवशालानं लेकराचं डोकं तळहातात नीट धरून, मान सांभाळून, त्या हातांकडे द्यायला सुरुवात केली.